दोन बाटल्या आणि एक राजधानी

मुलुंडच्या सरकारी दूध केंद्राची खिडकी सुलक्षणा राणे पहाटे पाचला उघडायची, तेव्हा रांगेत माणसांच्या आधी त्यांच्या पिशव्या नि विटा नंबर लावून बसलेल्या असत. बी.कॉम. झालेली ही मुलगी बाटल्या देता देता बँकेतल्या नोकरीची वाट बघत होती. ब्याऐंशी साल, बाबांची गिरणी जानेवारीपासून संपावर. त्यामुळे वाट बघणं आता हौसेचं राहिलं नव्हतं.

रांगेत पहिले भाऊराव प्रधान. पोस्टातून निवृत्त झालेले आणि हिला बँकेत चिकटवण्याचा विडा कुणी न सांगता उचललेले. दुधाचं कार्ड पुढे करायचे, पण एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय बाटल्यांना हात लावायचे नाहीत.

"बोल, नॉर्वेची राजधानी?"

"ऑस्लो. घ्या काका, दोन."

"अहो, नॉर्वेला कोण चाललंय?" मागून त्यांच्या शेजारीण नलिनीबाई करवादायच्या. "माझं चहाचं आधण आटलं!"

ऑगस्टमध्ये मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीत साहेबांनी झिम्बाब्वेची राजधानी विचारली. सुलक्षणाने ठणकावून सांगितलं, "सॅलिसबरी!"

"हरारे," साहेब म्हणाले. "एप्रिलमध्येच नाव बदललं. पेपर वाचत नाही वाटतं?"

पेपर कशाला वाचेल? भाऊरावांकडे नकाशाचं पुस्तक होतं ना! ते त्यांच्या लग्नाच्या आधीचं होतं, एवढंच.

पंधरा दिवसांनी नकार आला. तिने तो हरारेसकट रांगेला सांगून टाकला. दुसऱ्या दिवसापासून भाऊराव गायब. त्यांचं कार्ड नलिनीबाईच आणू लागल्या.

"म्हणतात, पोरीची वाट लावली मी. तोंड कुठल्या तोंडाने दाखवू?"

खरं तर दोन दिवस सुलक्षणाही धुमसत होती. तिसऱ्या दिवशी मात्र नुसतं दूध वाटणं तिला फारच अळणी वाटलं. चौथ्या दिवशी तिने भाऊरावांचं कार्ड परत केलं.

"यांचं दूध यांनाच मिळेल."

"अगं, कोरा चहा पितील ते!"

"पिऊ देत."

केंद्र बंद व्हायच्या बेताला भाऊराव मान खाली घालून आले. सुलक्षणाने बाटल्यांवरचा हात काढला नाही.

"पुढच्या महिन्यात विम्याची परीक्षा आहे, काका. नकाशा काकूंना द्या, पापड वाळत घालायला."

"कालच दिला," भाऊराव पुटपुटले. मग खिशातून घडी घातलेला पेपर काढून त्यांनी चष्मा पुसला. "चार दिवस हेच वाचतोय. विचारू?"

"विचारा की!" सुलक्षणा म्हणाली. "पण सोपं नको हं."