आमच्या रस्त्याचा झोन बदलला तेव्हा

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आणि शेजारचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती. कारखाना म्हणजे काही मोठी चिमणी-भोंगा असलं प्रकरण नव्हे. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर आणि माळ्यावर सुताचे गठ्ठे. आमच्याकडे त्यालाच कारखाना म्हणतात. माग सकाळी सुरू झाले की आमच्या फळीवरची स्टीलची ताटं थरथरायला लागायची. आई दर दोन-तीन दिवसांनी ती परत मागे ढकलून ठेवायची. कुणी पाहुणा आला की आधी दचकायचा. आम्ही मात्र त्या आवाजातच जेवलो, भांडलो, पाढे पाठ केले. शाळेतल्या शांत वर्गात माझं गणित चुकायचं आणि घरी बरोबर यायचं, हे मी बाईंना सांगूनही त्यांना पटलं नव्हतं.

कारखाना ज्यांचा होता त्यांना मी मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. ते घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. अक्का ओट्यावर बसून मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. शाळेतून येताना मी दप्तर तिथंच टाकून तिच्या शेजारी बसायची. "तिन्नावा?" ती विचारायची. जेवलीस का, एवढंच. जेवले म्हटलं तरी हातावर काहीतरी यायचंच. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या दारात पाणपोई लागायची, त्या दिवशी मामा दुपारीच माग बंद करायचे आणि पाणी वाटणाऱ्या पोरांच्या खांद्यावर टाकायला नवे पांढरे टॉवेल पाठवून द्यायचे. रस्ता तेव्हा माणसांनी भरलेला असायचा. कामगारांसाठी चहाची टपरी, खाणावळ, सोडावाला, सायकलचं दुकान. सुट्टी झाली की केसांत कापसाचे तंतू अडकलेली माणसं टपरीपुढं उभी राहायची.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत होते. मी दहावीत होते तेव्हा त्यांना सलग रात्रपाळी लागली. सकाळी घरी यायचे, आंघोळ करून आडवे व्हायचे आणि भिंतीपलीकडं माग सुरू व्हायचे. कानात कापसाचे बोळे घालून पाहिले, मागच्या खोलीत अंथरूण टाकून पाहिलं. झोप लागेना. एकदा कामावर डुलकी लागली आणि साहेबांनी लेखी ताकीद दिली. त्या दिवशी ते तसेच मामांच्या दारात गेले.

"शेठ, दुपारपर्यंत तेवढे माग बंद ठेवा की. माझी नोकरी जाईल."

"आणि माझे कामगार दुपारपर्यंत काय करतील?" मामा म्हणाले. "कापड टायमावर गेलं न्हाय तर व्यापारी दुसरीकडं जातो."

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच बहुधा ते भांडण वाढलं. शेवटी अण्णा म्हणाले, "हा रहिवासी झोन हाय. हितं माग चालवायचीच परवानगी न्हाय." झोन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोवर रस्त्यावर कुणालाच त्याची गरज पडली नव्हती. अण्णांनी महापालिकेत तक्रार केली. तिथली माणसं आली, त्यांनी बघितलं, मोजलं, आणि मामांना माग गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत हलवायला सांगितलं.

माग टेंपोत चढवले त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. सुटे केलेले लोखंडी सांगाडे माणसं दोरानं ओढत होती. अक्का ओट्यावर उभी होती. मी दारात उभी आहे हे तिला दिसत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं मला जेवलीस का असं विचारलं नाही. बोर्डात चांगले मार्क पडले तेव्हा आईनं माझ्या हातून पेढे पाठवले. मामांनी एक उचलला. अक्का आतून बाहेर आली नाही.

हळूहळू आजूबाजूचे इतर कारखानेही गेले. काही वसाहतीत, काही कायमचे. कामगार गेले तशी खाणावळ बंद झाली, मग टपरी, मग सायकलचं दुकान. सोडावाला तेवढा टिकून राहिला, पण बाटल्यांवर धूळ दिसायला लागली. अण्णांना शांतता मिळाली. ती त्यांना सोसेना. सकाळी अंथरुणावर पडायचे आणि थोड्या वेळानं उठून बसायचे.

"आता काय झालं?" आई विचारायची. "आता तर काईच आवाज न्हाय."

"तेच की," अण्णा म्हणायचे.

मी शिक्षिका झाले, टेंभुर्णीला नोकरी लागली, तिथंच संसार झाला. सुट्टीला एसटीनं सोलापूरला यायची. सात रस्त्याच्या चौकात उतरलं की गाड्या, दुकानं, गर्दी. तिथून रिक्षा आमच्या रस्त्याला वळली की एकदम सामसूम. बंद शटरं, त्यांना टेकून झोपलेली कुत्री. रिक्षावाले विचारायचे, "मॅडम, हितं राहतं का कोण?"

अण्णा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बातमी आली की नव्या विकास आराखड्यात आमचा रस्ता बदलणार. जवळच्या शाळेत सभा होती. शनिवार असल्यानं मी माहेरी आले होते, म्हणून अण्णांबरोबर गेले. एका तरुण इंजिनिअरनं भिंतीवर नकाशा लावला होता. आमची घरं त्यात आजवर रहिवासी म्हणून पिवळी होती, आता त्यांच्यावर निळ्या रेघा आल्या होत्या. रस्त्यालगतच्या घरांना तळमजल्यावर दुकान काढता येणार होतं. फुटपाथ होणार, दिवे लागणार. मात्र घराची पुढची रुंदी नियमात बसायला हवी आणि समोर गाड्या लावायला जागा सोडायला हवी. आमची घरं सगळी अरुंद, एकमेकांना चिकटलेली. इंजिनिअर म्हणाला, एकट्याचं बसत नसेल तर दोन शेजाऱ्यांनी मधली भिंत काढून मिळून अर्ज करा.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अण्णा उभे राहिले.

"साहेब, पयलं हितं माग चालत न्हवते. आता दुकान चालंल म्हणता. मग माग का न्हाईत?"

"मागाचा आवाज होतो, काका. दुकानाचा होत नाही."

"आवाजाचं मला सांगू नका," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. दोन रांगा पुढं मामा बसले होते. त्यांनी वळून मागं पाहिलं. कितीतरी वर्षांनी दोघांची नजरानजर झाली असावी.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल." आई, मी आणि ते. शेजारच्या दारात जायला आमच्या घरातून काही लांब नव्हतं, पण अण्णा ओट्याच्या पायरीपाशी थांबले. मामांनीच आतून हाक मारली, "या की, बसा."

पुढची खोली, जिथं माग असायचे, ती रिकामी होती. फरशीवर मागांच्या पायांचे खड्डे तसेच होते. आम्ही चटईवर बसलो. मामा बराच वेळ खड्ड्यांकडंच बघत बोलत होते.

"तुमच्यामुळं माझा कारखाना गेला असं मी लोकांना सांगत आलो. खरं सांगू का? तसाही चालणार न्हवता तो. सुताचे भाव, विजेचं बिल. पण त्या दिवशी तुमी पालिकेच्या साहेबांच्या संगं आलात. दारात उभं राहिलात. आत येऊन बसला न्हाईत. ते मला लागलं."

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "नोकरीच्या भीतीनं डोकं चालंना झालं होतं."

मामांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, मिटलं. पण अक्का चहा घेऊन आली, कप खाली ठेवले आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मी माझी भिंत पाडू देणार न्हाय." आणि आत निघून गेली.

अर्जाचा विषय तिथंच अडकला. मामांच्या मनात जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायची होती, अण्णांचीही हरकत नव्हती. अक्का ऐकेना. मग आई जायला लागली. रोज दुपारी. सुरुवातीला अक्का तिच्याशी बोलायची नाही, आई तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायची. पुढं एका शनिवारी मी गेले तर दोघी चढ्या आवाजात भांडत होत्या, आणि मला बरं वाटलं. भांडण म्हणजे बोलणं तरी होतं.

"मोबाइल कशाला विकायचा माझ्या घरात?" अक्का म्हणत होती. "ह्या खोलीतनं चादरी निघाल्या. चादरीच विकायच्या."

"मग विक की! कोण न्हाय म्हणतंय? आणि मी माझ्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवते."

"चादरीला चटणीचा वास लागेल."

"लागू दे की. गिऱ्हाईक हुंगत हुंगत येईल!"

अक्काला हसू आवरेना. असं ठरलं ते.

भिंत पडली त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून आले. गवंड्यानं पहिला घाव घातला तेव्हा अक्का आत जाऊन बसली. प्लास्टर गळून विटा दिसल्या, आणि विटांच्या फटींतून कापसाची लव बाहेर यायला लागली. लाल, निळी, पिवळी, वर्षानुवर्षं उडून भिंतीत साठलेली. गवंडी म्हणाला, असलं कधी बघितलं न्हाय. अण्णांनी खाली वाकून मूठभर उचलली आणि आत जाऊन अक्काला दाखवली. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "सकाळपास्नं उभी हाय पोरगी. काय खाल्लंय का न्हाय?" मी लग्न झालेली, पोरांची आई, भर माणसांत रडले.

दुकान चाललं. फार नाही, पण चाललं. करकंबकडच्या बायका लग्नाच्या बस्त्याला आल्या की चादरी नेतात आणि जाताना भाकरींचा पुडा. रस्त्याला फरशा आल्या, दिवे आले, केकचं दुकान आलं, तयार कपड्यांचं आलं. सगळ्यांचं मात्र जमलं नाही. सोडावाल्याचा शेजारी एकत्र यायला तयार झाला नाही. सोडावाल्यानं घर विकलं आणि मुलाकडं गेला. त्याच्या जागी आता काचेचं दार आहे. आत गेलं की गार वारा येतो, आणि मला तिथं जावंसं वाटत नाही. रस्ता पुन्हा भरला हे खरं, पण ही गर्दी मला ओळखत नाही. मी ज्या रस्त्यावर दप्तर टाकून बसायची, तिथली माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची.

दुकानाची दुसरी दिवाळी मामांनी पाहिली नाही. ते गेल्यावर अण्णांनी काही दिवस दुकानाला हात लावला नाही. अक्काच म्हणाली, "उघडा आता. बंद दार बघवत न्हाय." तेव्हापासून अण्णा आणि ती दोघं काउंटरवर बसतात आणि रेडिओ कुठल्या स्टेशनवर ठेवायचा यावरून रोज कुरबुर करतात. आई मागं भाकरी थापते आणि दोघांनाही बोलते.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतले दोघं शेजारी चौकशीला आले. त्यांचीही गल्ली आता आराखड्यात घेणार म्हणतात. आले वेगवेगळे, एकमेकांना बघितल्यावर दोघांचीही तोंडं वाकडी झाली. अण्णा नियम सांगायला लागले, रुंदी, पार्किंग, अर्ज. अक्कानं त्यांना मध्येच थांबवलं आणि दोन खुर्च्या पुढं ओढल्या.

"नियम मग सांगतील ते," ती म्हणाली. "आदी बसा तरी. चहा घेणार का?"

एकानं हो म्हटलं. दुसरा अजून उभाच होता.