अलीकडचं तेवढं खरं

ढोके सरांना गणित समजावायला फळा लागत नसे. सक्करदऱ्यात रॉकेलच्या रांगेतसुद्धा ते सुरू होत. "ही रांग कधीच संपत नाही असं समजा गा. पहिला, दुसरा, तिसरा… अन् या साऱ्यांच्या मागं एक माणूस येऊन उभा राहिला. त्याचा नंबर ओमेगा. त्याच्या मागं पुन्हा नवी रांग." लोक हसत. सर हातातला डबा खाली ठेवून पुढच्या रांगा लावत राहत.

त्यांच्या डोक्यात एक यंत्र होतं. नुसतं कागदावरचं, मोजक्याच अवस्थांचं, एकेक अक्षर वाचत पुढं सरकणारं. अशा रांगांतल्या कुठल्याही दोन जागांची नावं दिली की आधी कोण, नंतर कोण, हे त्यानं सांगायचं. न संपणाऱ्या रांगांचीच रांग लावली की ओमेगाचा वर्ग, मग तसाच घन, चौथा घात. या सगळ्या घातांना मिळून एकच यंत्र पुरतं, असा सरांचा दावा होता. त्यावर त्यांची विद्यार्थिनी सिंधू पीएच.डी. करत होती. तिला चांगलं स्थळ आलं, तेव्हा सर स्वतः कळमेश्वरला जाऊन तिच्या वडिलांना म्हणाले होते, "थोडं थांबा. पोरीचं नाव होईल." कारखान्यात काम करणाऱ्या त्या माणसानं स्थळ परत पाठवलं.

मी विद्यापीठात त्यांच्याच विभागात नवखा शिक्षक होतो. एका दुपारी सर माझ्याशेजारी येऊन बसले. "यंत्र वाढून राहिलं गा. दर घाताले एक नवी अवस्था चोरून आत येते. मंग साऱ्याले मिळून एकच यंत्र कुठं पुरते? मले दिसलंच नाही." मग म्हणाले, "तिच्या बापाले सांगा लागन. तू चाल संग."

कळमेश्वरला सर बसेचनात. उभ्यानंच बोलले, "चूक माझी आहे. तुमच्या पोरीचं स्थळ मी घालवलं."

"उभे काहून, सर? बसा," वडील म्हणाले. "पोरगी शिकली, ते तं कुठं गेलं नाही ना?"

सिंधू आतून आली. "सर, एकेका घातापुरतं वेगळं यंत्र चालते ना? मग तुमच्या दाव्याच्या अलीकडचं तेवढं खरं आहे. मी त्यावरच लिहिते."

सरांनी मान हलवली. चहा तसाच निवला. परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

पुढं त्यांनी कुणाला मार्गदर्शन केलं नाही. सिंधू पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन आली, त्या दिवशी मी सरांकडेच होतो. तिचा आवाज ऐकताच ते आतल्या खोलीत गेले, आणि काकूंना "नाहीत घरी" म्हणावं लागलं. सिंधूनं दाराशी काढलेल्या त्यांच्या चपला पाहिल्या. जरा मोठ्यानंच म्हणाली, "काही हरकत नाही काकू, मी उद्या येते."

ती आली. दार सरांनीच उघडलं. पेढा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण ती जाईपर्यंत नजर वर केली नाही.