डनबारची सातवी हिरवळ

एल्स्पेथ क्रुकशँक पोर्टस्कॅराच्या गोल्फ मैदानावर गवत राखायच्या कामाला लागली, तेव्हा मी तिथे सहा वर्षं मुरलेला होतो. पाच वर्षांत ती माझी वरिष्ठ झाली. वाईट वाटलं का? आठवडाभर वाटलं. मग एका सकाळी तिने नुसत्या बुटाच्या टाचेने जमीन चाचपली आणि म्हणाली, "वॉटी, इथे खालची नळी फुटली आहे." मी खणलं, तर खरोखरच फुटलेली निघाली. त्या दिवसापासून माझी तक्रार संपली.

आमचं मैदान अ‍ॅलिक डनबारने आखलेलं. हा आमच्याच बंदरावरच्या एका कोळ्याचा मुलगा. दोनदा देशाचा अजिंक्य खेळाडू झाला, आणि खेळ सोडल्यावर त्याने स्कॉटलंडभर फिरून मैदानं आखली. नऊ आखली म्हणतात. पहिलं स्वतःच्या गावासाठी, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत. आमच्याकडे पोरं प्रार्थना पाठ करायच्या आधी डनबारचं नाव पाठ करतात.

मैदानाला नव्वद वर्षं होत आली, तेव्हा क्लबाच्या समितीने जीर्णोद्धार काढला. डनबारचे मूळ नकाशे क्लबाच्या जुन्या इमारतीबरोबर केव्हाच जळून गेले होते, म्हणून लंडनहून हेझलडीन नावाचा आर्किटेक्ट बोलावला. माणूस सज्जन. आठवडाभर मैदान पायाखाली घातलं आणि बैठकीत उभा राहून म्हणाला, "बाकी सगळं सुंदर आहे. पण सातवी हिरवळ मोडावी लागेल. तिथे डनबारचा अंदाज चुकला."

सगळ्यांच्या काळजाला लागलं. पण वाद घालणार कसा? सातव्या हिरवळीला आम्हीच जन्मभर शिव्या घालत आलो होतो. हिरवळ म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत; ही लहानशी, गोल, मधोमध उंचवटा. चेंडू भोकाजवळ थांबायचं नावच घेत नसे, कासवाच्या पाठीवर ठेवल्यासारखा घरंगळून जाई.

दाराशी ओला कोट घालून उभी असलेली एल्स्पेथ म्हणाली, "ती हिरवळ डनबारची नाहीच."

क्लबाचे कप्तान फार्कर्सन, गावचे दातांचे डॉक्टर. ते हसून म्हणाले, "एल्स्पेथ, पोरी, गवताचं तू बघ. आराखड्याचं आम्ही बघतो."

"कप्तान, मी चोपन्न वर्षांची आहे. तुम्ही पोरी म्हणालात की माझे गुडघे हसतात."

सगळी खोली खदखदली. ती मात्र हसली नाही. "मला मार्चपर्यंत वेळ द्या."

"तो कशासाठी?"

"दुसऱ्या कुणाची तरी चूक डनबारच्या नावावर जाऊ नये म्हणून."

वेळ मिळाला. तिच्या डोक्यात काय आहे ते तिने मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात दोन महिने पाऊस पडला नव्हता आणि सगळं मैदान गव्हाच्या काडासारखं पिवळं झालं होतं. पण सातव्या हिरवळीच्या बाहेर, जिथे आम्ही गवत नीट कापतही नाही, तिथे एक पट्टा तेवढा हिरवा राहिला होता. "खाली वाळू असती तर तोही वाळला असता," ती म्हणाली. "तिथे खाली पाणी धरून ठेवणारी माती आहे. ती कुणी आणून टाकली?"

मग मला आजोबांची गोष्ट आठवली. डनबार हिरवळी करत होता तेव्हा आजोबा त्याच्याकडे घोडागाडी हाकायचे. बंदरावरून समुद्रशेवाळ भरून आणायचं, ते कुजवायचं आणि नदीच्या गाळात कालवायचं. हिरवळीखाली तीच माती पडायची. घरी आल्यावर आजी त्यांना अंगणातच उभं करून आंघोळ घालायची.

एल्स्पेथने कप खाली ठेवला. "अरे, हे तू मला वीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस."

मग तो सगळा हिवाळा तिने सातव्या हिरवळीवर काढला. हातात दीड मीटरची पोकळ सळई. ती जमिनीत ठोकायची, वर काढायची, आतून निघालेली माती बोटांवर घेऊन हुंगायची. खाली काळा थर लागला की तिथे बांबूची काडी रोवायची आणि तिला लाल लोकर बांधायची. थर लागला नाही तर पुढे. अशी चारशेहून जास्त भोकं. जानेवारीत एकदा उत्तरेचा वारा असा सुटला, की मी वैतागून म्हणालो, "एल्स्पेथ, समुद्रपक्षीसुद्धा आज पायी चाललेत."

"मग तूही चाल. पुढची काडी दे."

मार्चमध्ये समिती आली, हेझलडीनही आला. हिरवळीच्या मागच्या टेकडीवर चढून सगळ्यांनी खाली पाहिलं. लाल लोकरीच्या काड्यांनी एक आकार उभा राहिला होता. होडीचा, पुढचं टोक समुद्राकडे केलेलं, आणि आताच्या हिरवळीच्या जवळजवळ दुप्पट.

"त्रेपन्न सालच्या वादळात टेकडीची वाळू हिच्यावर आली," एल्स्पेथने सांगितलं. "लोकांना खेळायची घाई होती. त्यांनी वाळू उपसली नाही, तिच्यावरच गवत अंथरलं. खरी हिरवळ खाली आहे. हातभर खोल."

हेझलडीन खाली आला, चिखलात गुडघे टेकले आणि सळईतली काळी माती तळहातावर चुरून हुंगली. मग त्याने स्वतःचा आराखडा घडी करून खिशात कोंबला. "मिसेस क्रुकशँक, मी चुकलो. कुठून सुरुवात करायची, तेवढं सांगा."

"मिसेस क्रुकशँक माझी सासू. मला एल्स्पेथ म्हणा. वॉटी, यंत्र आण!"

वरची वाळू मी यंत्राने काढली. शेवटचा वीतभर थर मात्र तिने यंत्राला शिवू दिला नाही. फावडी घेतली, मग झाडू घेतले. खालून हिरवळीचा मूळ उतार उघडा पडत गेला, तसे गावातले लोक कुंपणापाशी येऊन उभे राहू लागले. कासवाची पाठ नव्हतीच तिथे. मध्ये खोलगट, आणि मागच्या कडेला वर उचललेली अशी ती जमीन होती.

त्यावर नवं गवत धरायला वर्ष गेलं. हिरवळ उघडायच्या दिवशी पहिला चेंडू मारायचा मान कप्तानांचा. फार्कर्सनांनी चेंडू खाली ठेवला, मागे सरले आणि काठी एल्स्पेथपुढे धरली. "बाई, हा मान तुमचा."

तिने चेंडू भोकाकडे मारलाच नाही, भलत्याच दिशेला मारला. लोक कुजबुजले. चेंडू मागच्या चढावर गेला, वर मंदावला, वळला, आणि होडीच्या पोटातून झरझर खाली येत भोकापासून वितीवर थांबला. मग जो ओरडा झाला, तो बंदरावर ऐकू गेला. फार्कर्सन डोळे पुसत वाऱ्याला दोष देत होते.

एल्स्पेथ माझ्याकडे वळली. "बघितलंस? म्हातारा चुकला नव्हता."

त्यानंतर डनबारच्या इतर मैदानांवरून बोलावणी येऊ लागली. जी बाई इन्व्हरनेस शहराच्या पलीकडे दोनदाच गेली होती, ती देशभर फिरू लागली. गाडी चालवायला मी. सहा ठिकाणी तिने त्याच्या हिरवळी शोधून दिल्या.

सातव्या ठिकाणी वेगळंच झालं. क्लब श्रीमंत होता, नाव सांगत नाही. तिने चार दिवस जमीन तपासली. काळा थर कुठेच नाही, सगळीकडे खडी. तिने सेक्रेटरीला सरळ सांगितलं, "डनबार इथे येऊन जेवून गेला असेल. पण या हिरवळी त्याच्या नाहीत."

"अहो, आमच्या फाटकावर त्याचं नाव कोरलेलं आहे!"

"मग फाटक त्याने केलं असेल."

दुपारच्या जेवणालाही कुणी थांबवलं नाही. परतताना मी गाडीत म्हणालो, "हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? त्यांना कुठे कळणार होतं?"

"मग आपली सातवी कुणी खरी मानली असती?" एवढं बोलून तिने डब्यातल्या ओटच्या पोळीवर चीज ठेवलं आणि अर्धी मला दिली.

दोन महिन्यांनी त्या सेक्रेटरीचं पत्र आलं. त्यांच्या जुन्या दप्तरात दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं होतं. फाटकावरची अक्षरं उतरवली, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली शाईच्या पेनाने तिची माफी मागितली होती. तिने ते वाचून मला दिलं आणि गवत कापायला गेली.

आता बाहेरगावचं कुणी आलं, की फार्कर्सन त्याला आधी क्लबाच्या खिडकीशी नेतात. "ती निळी टोपी दिसते? ती आमची एल्स्पेथ. तिला विचारल्याशिवाय इथे कुणी कुदळ मारत नाही." पाहुणा काही विचारणार, एवढ्यात मैदानावरून तिची आरोळी येते, कुणीतरी ओले बूट घालून हिरवळीवर चढलेलं असतं.