एका वर्तुळात दोन तारे

त्रिकोण नक्षत्रात आपल्या शेजारची एक दीर्घिका आहे. तिथे काही तारे इतके प्रचंड आणि इतके अस्थिर आहेत, की काही वर्षांतच त्यांचं तेज वाढतं, ओसरतं. सगळ्या दीर्घिकेत ते बोटांवर मोजण्याइतकेच. बनारसच्या विद्यापीठातल्या एका खोलीत बसून आम्ही दोघं ते शोधायचो: मी, आणि रामघाटावरच्या मराठी घरातला एक संशोधक. माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा.

कामाची रीत साधी. जुन्या आणि नव्या फोटोंत ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचं, आतला प्रकाश मोजायचा, फरक बघायचा. मोजमाप माझं, प्रबंध त्याचा. दुसऱ्याने सगळं पुन्हा मोजायचं, असा नियम होता. त्याने मोजलं नाही. "घरच्या माणसाचं काय चेक करायचं, ताई!" म्हणाला. परमुलखातली आम्ही मूठभर मराठी माणसं. एकमेकांवर शंका घेणं आम्हाला पाप वाटतं. मलाही तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याला एक तारा मिळाला. जुन्या फोटोपेक्षा नव्यात निम्म्याने मंद. सगळा प्रबंध त्या एका ताऱ्यावर उभा राहिला. त्याच्या आईने गल्लीत पेढे वाटले.

तोंडी परीक्षेच्या अकरा दिवस आधी मी त्या ताऱ्याच्या शेजारचा तारा मोजत होते, आणि चूक दिसली. जुना फोटो धूसर होता. त्यात माझ्या वर्तुळात दोन तारे मिसळून एकच दिसत होते; नव्यात ते सुटे झाले होते. तारा मंदावलाच नव्हता. शेजाऱ्याचा उजेडही मी त्याचाच समजले होते.

नवं मोजमाप खोलीतल्या कॉम्प्युटरवर एका नव्या फाइलमध्ये ठेवलं आणि गप्प बसले. विद्यापीठात माझी कायमची नेमणूक त्याच महिन्यात व्हायची होती. परीक्षकांच्या काही लक्षात येणार नाही, अशी मनाची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! रोज त्याच्याबरोबर चहा पीत होते, हे आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

परीक्षकांनी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावायला सांगितले आणि सगळं उघडं पडलं. "ये नापा किसने?" त्यांनी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खाली मान घालून वहीत काहीतरी खरडत राहिले.

"मैंने ही, सर," तो म्हणाला.

प्रबंध परत आला. तो तारा काढल्यावर त्यात राहत काय होतं? त्याने पुन्हा लिहायला घेतलाच नाही. माझी नेमणूक झाली.

दोन महिन्यांनी त्याच्या घरी गेले. आई पाणी देऊन आत गेली. मला आधीच कळलं होतं, हे मी रडत रडत त्याला सांगितलं.

"पता था, ताई," तो म्हणाला. "तुझी ती नवी फाइल मी परीक्षेच्या आदल्या दिवशीच बघितली होती. वाटलं, तू स्वतःच बोलशील. तिथे, सगळ्यांसमोर पण मी वाट बघत होतो."