पाणसोटाचा वाफा

अमरावतीला एका प्रशिक्षणात आम्हाला विचारलं, संस्थेचा चांगला प्रमुख कसा ओळखायचा? बाकीच्यांनी पटापट सांगितलं, दूरदृष्टी, प्रामाणिकपणा, सगळ्यांना सोबत घेऊन चालणं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ओळखूच नये. पाच वर्षं थांबावं. सगळे हसले. मी काही गंमत करत नव्हते.

मी शेंदूरजनाघाटला एका संस्थेच्या रोपवाटिकेत काम करते. माहेर तिकडं हिवरखेडचं, लग्न होऊन या संत्र्याच्या मुलखात आले आणि कलमं बांधायला शिकले. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या काडीवरचा डोळा बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. आम्ही दहा-बाराजणी हेच करतो आणि ती रोपं आसपासच्या बायांना शेतात लावायला देतो. आता संत्र्याचं असं आहे की फळ धरतं पाचव्या वर्षी. आणि संस्थेचा प्रमुख टिकतो दोन वर्षं, फार तर तीन. हार, फोटो, अहवाल सगळं रोपाचं. फळ आलं की नाही हे पाहायला तो असतोच कुठं? तोवर तो पुण्याला नाहीतर दिल्लीला पोचलेला असतो आणि तिथं आमच्या झाडांचं कौतुक सांगत असतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तसंच झालं होतं.

त्यात ही नवीन ताई प्रमुख म्हणून आली, अकोल्याची, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तिनं भाषणच केलं नाही. मला तिथंच खटकलं. आधीचे सर आल्या आल्या तासभर बोलले होते. माणूस बोलला की त्याचं पाणी तरी समजतं. ही मागं सतरंजीवर बसली, चहा प्यायली आणि आपला कप आपणच विसळून ठेवला. झालं, बाया खूश!

"किती साधी हाये वं!"

"साधी नाई, पोचलेली हाये," मी म्हटलं. "पाहा तुमी. गरीब गाय अन् पोटात पाय."

मग ती आठवड्यातून दोन दिवस येऊन आमच्याजवळ बसायला लागली. हे असं कावून करता, ते तसं कावून नाही, नुसते प्रश्न. एकदा मी तिला डोळ्यांची काडी कशी निवडायची ते दाखवत होते. फळं देणाऱ्या फांदीची गोल काडी घ्यायची. झाडाच्या बुडातून सरळ वर सुटलेला, जाड, काटेरी फुटवा असतो ना, तो पाणसोट. त्याचा डोळा घ्यायचा नाही. तो दिसायला जोरदार, झाडही जोरदार होतं, पण फळायचं नाव घेत नाही. ती म्हणाली, "मले समजलं नाई, पुन्हा सांगा." बाप्पा! चारचौघींत 'मले समजलं नाई' असं प्रमुखानं म्हणावं? मला वाटलं, ही सोंग करून राहिली. आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असेल. मी पुन्हा सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावरची नजर हटवली नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "आपण जुनी रोपं पाहून येऊ. पाच-सहा वर्षांआधी देल्ली ते. तुमी चला माझ्यासंगं."

मला जायचं नव्हतं.

त्याचं कारण आता सांगूनच टाकते. त्या वर्षी जे सर प्रमुख होते, त्यांनी कोण्या पाहुण्यांना रोपांचा मोठा आकडा कबूल केला होता. काड्या निवडायचं काम माझं. चांगल्या काड्या संपल्या आणि एक वाफा कलम न बांधता तसाच राहिला. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "ते तुम्ही बघा, आकडा कमी नको." मी बघितलं. पाणसोट कापून आणले आणि त्यांचे डोळे काढून दिले. बाया बांधत गेल्या, त्यांना काय ठाऊक? पावसाळ्यात रोपं टरारून आली. तो अख्खा वाफा मी एकाच बाईच्या गाडीत भरून दिला. एक काकू, साठीला टेकलेली, नवरा नाही, एकटीनं वावर करणारी. ती मला बाजारात भेटली की पिशवीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी कोंबायची आणि विचारायची, "यंदा धरतीन का वं झाडं?" मी म्हणायचे, "धरतीन, काकू. दम धरा थोडा." असं तीन वर्षं चाललं. मग मी बाजाराची वेळच बदलली.

ताई प्रत्येक वावरात जायची, झाडाखाली उभी राहायची, वहीत लिहायची. काय लिहीत होती देव जाणे! मला वाटायचं माझंच नाव लिहिते. हिला कोणीतरी सांगितलं असणार, नाहीतर मलाच कशाला सोबत घेतलं? रोपवाटिका बंद करायला हिला निमित्त पाहिजे, आणि ते निमित्त मी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. काकूचं वावर मी शेवटी ठेवलं होतं. त्या दिवशी पोट दुखतं म्हणून पाहिलं, पण ती म्हणाली, "मंग उद्या जाऊ." सुटका नव्हती.

काकूच्या शेजारच्या बगीच्यात फांद्यांना बांबूचे टेकू लावले होते, इतका माल. आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडं काकूची झाडं. उंच, हिरवीगार, बोटभर काट्यांची, आणि फळ एकही नाही. ताईनं एक फांदी वाकवून पाहिली. काटे पाहिले. मीच तर शिकवलं होतं तिला, तेही दोनदा.

आता ही वळेल आणि माझ्याकडं बोट करेल, मला वाटलं. ती वळली नाही. चपला काढून धुऱ्यावर काकूजवळ बसली.

"काकू, हे रोपं आमी खराब देल्ले. चूक आमची हाये."

"तू तं आता आली बाई. तुयी चूक कशी?"

"संस्था तं तेच हाये ना, काकू."

तिनं माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. मला तेव्हाही तिचा डाव वाटला, आणि असेलही. आजही मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण तिनं माझं नाव घेतलं असतं ना, तर मी भांडले असते, सरांवर ढकललं असतं, आकड्यावर ढकललं असतं. ती बोललीच नाही, तर भांडू कोणाशी?

"काकू," मी म्हटलं, "पाणसोटाचे डोये होते ते. मी काढले. मले मालूम होतं."

काकू माझ्याकडं बघतच राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हे शेजारचे भाऊजी काटे पाहून तिसऱ्याच वर्षी म्हणत होते," ती म्हणाली, "उपटून टाक, दुसरी लाव. मी म्हटलं, थे सोता कलमा बांधते, थे म्हणते दम धरा. थे मले खोटं कायले सांगीन?"

लाज वाटली. जमिनीत गडप व्हावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या वर्षी उपटून नवीन लावली असती, तर आणखी वर्षा-दोन वर्षांत फळाला आली असती. मी तिची वर्षं खाल्ली होती.

 मग ताईनं विचारलं, "काकू, आता आमी काय करावं, तुमीच सांगा." आणि पुन्हा वाट पाहत बसली. नवीन रोपं देऊ म्हणाली नाही, भरपाई म्हणाली नाही, काहीच नाही.

काकूनं पदरानं तोंड पुसलं. "पयले बाकीच्यायले सांगा," ती म्हणाली. "माह्यासारखी अजून कोणी थांबून राहिली असन. तिले म्हणा, थांबू नको."

ताईनं वही उघडली. "सांगा," ती मला म्हणाली, "अजून कोणाले देल्ली?"

"कोणालेच नाई," मी म्हटलं. "अख्खा वाफा काकूलेच देल्ला."

"मलेच कावून वं?" काकूनं विचारलं.

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती खरंच विचारत होती, आणि दोघीही माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"तुमी कोणाशी भांडत नाई म्हणून," मी म्हटलं.