ओला तळहात

आमच्या लोहारकामाच्या शेडमध्ये दोघे सख्खे भाऊ होते. थोरला तापलेलं लोखंड सांडशीत धरायचा, धाकटा त्यावर घण घालायचा. मी तिसरा, भात्याशी. धाकट्याला ऐन तिशीत टक्कल पडलं आणि त्याचं ‘टकल्या’ हे नाव मीच ठेवलं. माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं; पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

टकल्या भलता मानी. दोनदा लग्न ठरता ठरता फिसकटल्यावर त्याने गुपचूप केस उगवायच्या गोळ्या सुरू केल्या. केस किती आले देव जाणे, घाम मात्र असा फुटला की तळहात निथळायचे. भट्टीपुढे घाम कुणाला येत नाही? पण तळहाताची गोष्ट वेगळी. थोरला रोज कामाआधी घणवाल्याचा तळहात चाचपायचा. त्यांचा बाप दारूपायी गेला होता, आणि प्यायला की त्याचे तळहात ओले व्हायचे. ओला तळहात म्हणजे पोटात दारू, अशी थोरल्याची पक्की समजूत.

पहिल्यांदा हात ओला लागला तसा त्याने कमरेचा पट्टा काढला. टकल्याच्या पाठीची सालटी निघाली, एक दात पडला. मी मध्ये पडलो, तर मलाही दोन बसल्या. दारू नाही म्हणून टकल्या सांगत राहिला, पण गोळ्यांचं नाव काढलं नाही. पुढे मला म्हणाला, तुमच्या हसण्यापेक्षा पट्टा परवडला.

दुसऱ्या दिवसापासून तो तळहातांना राख चोळून यायचा. थोरल्याला हात कोरडा लागायचा आणि काम सुरू व्हायचं. नवव्या दिवशी टकल्याने घण उगारला. घामाने राखेचा चिखल झाला होता. घण सटकला तो थेट थोरल्याच्या उजव्या मनगटावर आदळला. हाडाचा चुरा झालेला मी ऐकला. लालभडक लोखंड उडून त्याच्या मांडीवर पडलं, कातडी जळाली. तरी थोरल्याने डाव्या हाताने सांडशी उचलून भावाच्या तोंडावर हाणली आणि मगच तो कोसळला.

दवाखान्यात त्याचा हात मनगटापासून काढावा लागला. टकल्याच्या ओठाला टाके घालताना डॉक्टरबाईंनी त्याचे निथळते हात पाहिले आणि औषधं कोणती घेता म्हणून विचारलं. त्याने खिशातून पाकीट काढलं. या गोळ्यांचा अति घामाशी संबंध असावा असं एका संशोधनात दिसलंय, अजून पक्कं नाही, पण आजच बंद करा, असं त्या म्हणाल्या.

टकल्याने थोरल्याच्या खाटेपाशी जाऊन सगळं सांगितलं; मीही शेजारीच उभा होतो.

“दादा, मी प्यायलो नव्हतो.”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“तुम्ही हसला असतात.”



“हसलोच असतो,” थोरला म्हणाला. “पोट धरून हसलो असतो. आणि घण याच्या हातात दिला असता.”

त्याने डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. मला मान वर करता आली नाही.