सन्मतीच्या पुढे जायचं होतं

सन्मती गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात होतो. त्याचा धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा गेला... सकाळी, बसल्या जागी." खरं सांगतो, कुणाला राग आला तर येऊ दे, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की लेका, इथंही माझ्या आधी! रडू नंतर आलं, बरंच नंतर. आता महिना होत आला. त्याची जागा कंपनीनं मला दिलीय. सगळे अभिनंदन करतात आणि लगेच म्हणतात, "सन्मतीसरांची सर मात्र..." पुढचं मी ऐकत नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी इथं चिकटलो. मी पेठ वडगावचा, कॉलेजात कायम वरच्या नंबरात. तो जवळच्याच गावातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातला, शिक्षण माझ्याएवढंच, मार्क बेताचे. काम होतं शिरोलीतल्या एका फाउंड्रीला सॉफ्टवेअर करून देण्याचं. भट्टीला एक प्रोग्राम, साचे पुढे सरकवणाऱ्या मशीनला दुसरा, वितळलेलं लोखंड नेऊन साच्यात ओतणाऱ्या पात्राला तिसरा. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, आणि तिघांनी एकमेकांना निरोप देत काम करायचं. एकेकटे तिघंही शहाणे, एकत्र आले की भावकी!

एका संध्याकाळी चालू कामात सगळं ठप्प झालं. पात्र म्हणतंय, साचा जागेवर आल्याशिवाय मी हलणार नाही. साच्याची मशीन म्हणतेय, पात्र हलल्याशिवाय मी साचा सरकवणार नाही. दारात दोन पाहुणे "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत उभे राहतात, तसला प्रकार. इकडे पात्रातलं लोखंड थंड व्हायला लागलेलं. फाउंड्रीचे मालक, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, शिव्या घालत हिंडत होते. कामगारांनी कसंबसं ते लोखंड परत भट्टीत ओतलं.

मी म्हणालो, या तिघांवर एक मुकादम प्रोग्राम बसवू, सगळ्यांनी त्याला विचारूनच हलायचं. तिथंच आकृत्या काढायला बसलो. एवढ्यात सन्मतीनं डबा उघडला. दिवस मावळल्यावर तो जेवत नसे, घरची रीत. "अरे, थांब की जरा, बाकीचे येऊ देत," मी वैतागून म्हणालो.

"थांबतो की. पर दिवस बुडूस्तोवर. त्यानंतर कोण येऊ दे न्हायतर न येऊ दे." भाकरी मोडता मोडता तो पुढे बोलला, "ह्या प्रोग्रामांस्नी बी तसंच सांगूया. वाट बघा, पर ठरल्या येळेपतोर. मग लोखंड परत भट्टीत, आणि बाकीच्यांस्नी निरोप, की मी आता थांबणार न्हाय. तुझा मुकादमच आजारी पडला तर समदी हात बांधून बसणार व्हय?"

आता यात नवीन काय हो? वाट बघण्याला मुदत घालावी, हे पुस्तकात असतंच. मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! पण ऐन वेळी सुचलं त्याला, कारण त्याच्या अंगातच होतं ते. लाइन पुन्हा तशी अडकली नाही. आबांनी पेढे वाटले, पहिला त्याला. आमच्या ऑफिसात आजही मुदत घालताना विचारतात, "सूर्यास्त केवढा ठेवलास?" माझ्या कुठल्या गोष्टीला असं नाव पडलं नाही. पोटात दुखायचं माझ्या. अजून दुखतं.

बरं, माणूस वाईट असता तर सोपं होतं. पाहुणं कुणी आलं की मला पुढं करून सांगायचा, "हे आमचं डोकं." म्हणजे मोठेपणासुद्धा त्यालाच! मला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं, हे काम सन्मतीपेक्षा सरस झालं.

गेल्या आठवड्यात आबांनी बोलावलं. त्यांनी दुसरं पात्र आणलं होतं आणि दोन्ही पात्रांचे प्रोग्राम एकाच साच्यावर हक्क सांगत होते. दोघांना एकाच क्षणी साचा रिकामा दिसायचा, दोघंही निघायची. मी एकटाच गेलो. साच्याच्या मशीनलाच अधिकार दिला. ज्याचं विचारणं आधी पोचेल त्याला हा साचा, दुसऱ्याला लगेच पुढचा. दुपारपर्यंत लाइन पळायला लागली. काम देखणं झालं होतं, उगाच कशाला लाजू?

आबांनी पाठीवर थाप मारली. "झ्याक केलंस! सन्मतीला न्हाय जमलं असतं हे. त्याच्यापेक्षा सरस हायस तू."

झालं. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते वाक्य कानावर पडलं... आणि मी काय करावं?

"काय कळतंय तुम्हाला त्यातलं?" मी ओरडलोच. "तुमचा चहा संपायच्या आत केलं असतं त्यानं!"

कामगार वळून बघायला लागले. मी बॅग उचलली, बाहेर आलो आणि गाडीला धरून हमसून हमसून रडलो. मेल्यावरसुद्धा माझ्याच तोंडून स्वतःचं कौतुक करून घेतलं लेकाच्यानं.